फेरागोस्तो : सुट्टी गुलामांची, नाव सम्राटाचे

१५ ऑगस्टला इटलीतील शहरे ओस पडतात. दुकानांच्या शटरवर सुट्टीच्या चिठ्ठ्या लागतात. माणसे समुद्राकडे, नाहीतर डोंगराकडे निघतात. एकत्र जेवण, गार कलिंगड, रात्री किनाऱ्यावर शेकोट्या, आकाशात दारूकाम. या सणाचे नाव फेरागोस्तो. 'फेरिए ऑगुस्ती' म्हणजे ऑगस्टसच्या सुट्ट्या, यावरून ते आले. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याने इ.स.पूर्व १८ मध्ये या सुट्ट्या दिल्या, असे इटलीत सांगितले जाते.

म्हणजे विश्रांती ही राजाची मेहेरबानी! आम्हाला हे मान्य नाही.

प्राचीन रोममध्ये १३ ऑगस्ट हा गुलामांच्या सुट्टीचा दिवस होता. त्या दिवशी ॲव्हेंटाइन टेकडीवरील डायना देवीचा उत्सव असे. ही टेकडी प्लेबियन, म्हणजे सामान्य जनतेची. दासीच्या पोटी जन्मलेला राजा सर्व्हियस टुलियस याने ते देऊळ बांधले, अशी परंपरा होती. प्लुटार्क या लेखकाने गुलामांच्या या सुट्टीचा संबंध त्याच राजाच्या जन्माशी जोडला आहे. पुढे इ.स.पूर्व २९ मध्ये ऑगस्टसने आपल्या विजयाच्या मिरवणुका काढल्या त्या १३ ते १५ ऑगस्टलाच. इ.स.पूर्व ८ मध्ये तर 'सेक्स्टिलिस' या महिन्यालाच त्याचे नाव दिले गेले. सम्राटाचे नाव महिन्यालाही लागले आणि सुट्टीलाही. दासीपुत्राचा दिवस मात्र विस्मरणात गेला.

नंतर चर्चने १५ ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण ठेवला. विसाव्या शतकात मुसोलिनी आला. त्याच्या राजवटीने १९२६ मध्ये संप बेकायदा ठरवला आणि १९३१ पासून उन्हाळ्यात स्वस्त तिकिटांच्या 'लोकगाड्या' सोडल्या. कामगाराला समुद्र दाखवला, पण त्याची संघटना मोडून! सत्ता बदलली की सणाचा मालक बदलतो, हा इतिहास आपल्याला नवा नाही.

मग सुट्टी संविधानाने दिलेला हक्क कधी झाली? फॅसिझम पडल्यावर. १ जानेवारी १९४८ पासून लागू झालेल्या इटलीच्या संविधानाचे कलम ३६ कामगाराला साप्ताहिक विश्रांती आणि वार्षिक पगारी रजा देते. हा हक्क त्याला स्वतःलाही सोडता येत नाही, म्हणजे मालक तो लिहून घेऊ शकत नाही. याआधीच, १९४५ मध्ये, मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती करून भारतातील कारखाना कामगारांना पगारी रजेचा कायदेशीर हक्क दिला होता. विश्रांती कायद्याने मिळते तेव्हा कुणाचे पाय धरावे लागत नाहीत.

पण हिशेब अजून पूर्ण नाही. ऐन ऑगस्टमध्ये दक्षिण इटलीत टोमॅटोची तोडणी चालते. तिथे राबतात आफ्रिकेतून आणि पूर्व युरोपातून आलेले मजूर. रोमजवळच्या लातिना भागातील शेतांत पंजाबातून गेलेले आपले लोक. मजुरीचा वाटा दलाल कापून घेतो. २०१६ मध्ये लातिनातील भारतीय मजुरांनी संप केला आणि त्याच वर्षी इटलीने दलालीविरोधी कायदा कडक केला. तरीही पिळवणूक संपलेली नाही.

म्हणून कोणताही सण समोर आला की आपण दोन प्रश्न विचारले पाहिजेत : याला नाव कुणाचे लागले? आणि आज, सगळे सुट्टीवर असताना, राबतो आहे कोण?

जय भीम!