शब्द आणि शौर्य

मराठींत शौर्य, धाडस आणि धैर्य हे शब्द पुष्कळदां एकमेकांच्या जागीं वापरले जातात. परंतु त्यांचा अर्थ एक नव्हे. शौर्य शत्रूसमोर दिसतें, धाडस जोखमीच्या कामांत दिसतें, आणि धैर्य डळमळणाऱ्या मनाला आवरून धरण्यांत दिसतें. कुमारांसाठीं लिहिलेल्या कादंबरीचा नायक यांपैकीं कोणत्या अर्थानें वीर आहे, हें त्याला बहाल केलेल्या विशेषणांवरून क्वचितच कळतें; तो स्वतःविषयीं कोणते शब्द वापरतो यावरून मात्र तें तत्काळ कळतें. या दोन रीतींतील अंतर दाखविणारीं दोन इंग्रजी पुस्तकें पंचवीस वर्षांच्या अवधींत निघालीं.

पहिलें बॅलंटाइनचें १८५८ सालचें 'द कोरल आयलंड'. जहाज फुटून तीन मुलें पॅसिफिक महासागरांतील एका बेटाला लागतात, त्यांची ही कथा. ती सांगणारा राल्फ आपला सोबती जॅक याची ओळख करून देतांनाच तो धिप्पाड, हुशार आणि कृतींत सिंहासारखा असल्याचें सांगून टाकतो. जॅकनें अद्याप कांहींच केलेलें नसतें! पराक्रमापूर्वींच प्रशस्तिपत्र मिळालेल्या या वीराला पुढें तें खरें करून दाखविणें एवढेंच उरतें. साम्राज्याच्या भरतीच्या त्या काळीं वाचकांस असा निःशंक वीर रुचला, यांत नवल नाहीं.

दुसरें स्टीव्हन्सनचें 'ट्रेझर आयलंड'. तें १८८१-८२ मध्यें 'यंग फोक्स' या मुलांच्या नियतकालिकांत क्रमशः आलें व १८८३ सालीं ग्रंथरूपानें निघालें. आरंभींच्या पद्यांत स्टीव्हन्सन बॅलंटाइनचें नांव आदरानें घेतो. परंतु त्याची शब्दकळा मात्र त्यानें उचललेली नाहीं. सफरचंदांच्या पिंपांत दडलेल्या जिम हॉकिन्सच्या कानीं चांच्यांचा कट पडतो, तेव्हां पळून जाण्याचेंही त्राण आपल्या अंगीं उरलें नव्हतें, असें तो वाचकांपाशीं कबूल करतो. पुढें जहाजावर इझ्रेल हँड्सची सुरी त्याच्या खांद्याला खिळते, त्याच क्षणीं त्याचीं दोन्ही पिस्तुलें उडतात व हँड्स मरतो. पण आपण नेम धरून त्याला मारलें, असें जिम म्हणत नाहीं. पिस्तुलें उडालीं, एवढेंच सांगतो.

तोच जिम चांच्यांच्या हातीं सांपडल्यावर त्यांच्या तोंडावर सांगतो कीं, कट ऐकणारा मी, जहाजाचा दोर कापणारा मी आणि त्यावरील तुमचीं माणसें मारणाराहि मीच. वाचकांपाशीं टाळलेलें श्रेय तो शत्रूपुढें, प्राण संकटांत असतां, आपल्या माथीं घेतो. श्रेय घेण्यांत जेथें वाहवा आहे तेथें तो मागें सरतो. जेथें मरण आहे तेथें पुढें होतो. फुशारकी आणि धैर्य यांतील सीमारेषा याहून स्पष्ट कोणती असेल?

याहून मोठा प्रसंग दुसऱ्या दिवशींचा. पळून न जाण्याचें वचन सिल्व्हरला देऊन जिम कुंपणापाशीं डॉक्टर लिव्हसीस भेटतो. 'उडी टाक, दोष माझ्या माथीं,' असें डॉक्टर सुचवितो. जिम नुकताच रडलेला आहे. छळ झाल्यास जहाजाचा ठावठिकाणा आपल्या तोंडून निसटेल, अशी भीतिहि तो बोलून दाखवितो. तरी तो कुंपण ओलांडीत नाहीं, कारण त्यानें शब्द दिला आहे. वचनाला 'शब्द' म्हणण्यांत इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषा येथें एकमेकींस भेटतात.

पुढें १९५४ सालीं विल्यम गोल्डिंगनें 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' लिहितांना बॅलंटाइनच्याच राल्फ व जॅक या नांवांचीं मुलें एका बेटावर उतरविलीं, आणि त्यांतील जॅक क्रूर शिकारी झाला. शौर्याचें आगाऊ प्रशस्तिपत्र त्यानें जणूं फाडून टाकलें. जिमनें दिलेल्या शब्दाला मात्र कोणी धक्का लावूं शकलेलें नाहीं.

घरांतील मुलांच्या हातीं पुस्तक देतांना वडील माणसांनीं हें ध्यानांत ठेवावें. ज्या कथेंतील वीराला भीति हा शब्दच ठाऊक नाहीं, ती वाचून भित्र्या मुलाला वाटतें कीं, शौर्य आपल्यासाठीं नाहीं. जिमची कथा त्याला सांगते कीं, हातपाय कांपत असतांहि शब्द पाळतां येतो.