चकमकीचा पणतू

काडेपेटी घरोघर पोचण्यापूर्वी वऱ्हाडातल्या कुणब्याच्या कनवटीला चकमकीचा बटवा असे. पोलादाची पट्टी, गारगोटीचा तुकडा आणि चिमूटभर कापूस. एवढ्या भांडवलावर चिलीम पेटत असे. गारेवर पोलाद आपटले की त्याचा बारीकसा कण सुटून हवेत जळतो, तीच ठिणगी. पेट्रोलच्या एंजिनातला प्लग हा या चकमकीचा पणतूच म्हणावयाचा. मात्र भरधाव गाडीत त्याला मिनिटाला हजाराच्या वर ठिणग्या पाडाव्या लागतात, आणि त्यातली एकही चुकवून भागत नाही.

हा पणतू सुखासुखी जन्मला नाही. 1860 मध्ये पॅरिसला लनुआरने आपल्या गॅसच्या एंजिनात विजेची ठिणगी वापरली, तरी पुढे कित्येक वर्षे कारागिरांचा तिच्यावर विश्वास बसेना. डाइमलर तर सिलिंडरात शिरलेली नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवून इंधन पेटवी. पेट्रोलच्या गाडीत उघडी ज्योत! बसणाऱ्यांच्या छातीचे कौतुकच केले पाहिजे. अखेर 1902 मध्ये बॉशच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड या एंजिनियराने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग सिद्ध केला. पुढे अमेरिकेत केटरिंगने बॅटरी आणि कॉइल यांची जोडी जमविली, आणि त्याच घडणीवर जगातल्या मोटारी कित्येक दशके धावल्या.

प्लगची खरी कसोटी असते त्याच्या पांढऱ्या अंगाची. आत आगीचा लोळ, मधून हजारो व्होल्टची वीज. चिनी माती तडकून जाई. म्हणून एके काळी विमानांच्या प्लगांत अभ्रकाचे थर घालीत. उत्तम अभ्रक जगाला पुरविणाऱ्या देशांत आपला देश अग्रेसर, आणि कोडरम्याच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध. आपले वैद्य ज्याचे भस्म करून रोग्याला देत, तेच अभ्रक साहेबाच्या विमानाला तारीत होते!

दुसऱ्या महायुद्धाने जीप जन्माला घातली. 1945 मध्ये मुंबईत निघालेल्या महिंद्र आणि महंमद या पेढीचे फाळणीनंतर, 1948 मध्ये, महिंद्र आणि महिंद्र झाले. त्यांनी सुटे भाग आणवून विलीज जीपांची जुळणी आरंभिली. 1951 मध्ये बंगळुरास मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली ‘मायको’, स्थापन झाली आणि प्लग देशातच होऊ लागले. काळ्या मातीच्या चिखलात जिथे एस. टी. थांबे, तिथून पुढे जीप जाई. मागाहून डिझेल आले. त्याला ठिणगी लागतच नाही. दाबलेल्या हवेची उष्णताच त्याला पेटविते. पेट्रोलच्या जीपा मग एकेक करून गोठ्यामागे जाऊन बसल्या.

तशी एक आमच्या दादांची. वाशिम 1998 मध्ये अकोल्यातून निघून स्वतंत्र जिल्हा झाला, त्याच्या कितीतरी आधीची. गेल्या श्रावणात ती धडधडू लागली, चढावर दम सोडू लागली. भंगारवाला म्हणाला, “एंजिन बसलं, लोखंडाच्या भावानं घेतो.” दादांनी होकार दिल्यासारखेच होते. वहिनी मात्र गप्प झाल्या. दोन्ही मुलांच्या वेळी याच जीपने त्यांना भर पावसात वाशिमला पोचविले होते.

मी दादांना म्हटले, “आजची रात्र थांबा.” अंधारात बॉनेट उघडून एंजिन चालू केले आणि लांबूनच पाहिले. प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या सापासारख्या सरसरत होत्या! रबर तडकलेले, हवा दमट. पंधरावीस हजार व्होल्ट सिलिंडरात जाण्याऐवजी वाटेतच सांडत होते.

सकाळी एंजिन थंड असताना कामाला लागलो. वायर एका वेळी एकच काढावयाची, नवी बसवावयाची आणि मगच दुसरीला हात घालावयाचा. कारण चार सिलिंडर पेटतात ते 1, 3, 4, 2 या क्रमाने, आणि वायरींची अदलाबदल झाली तर ब्रह्मदेवाच्यानेही गाडी चालू होत नाही. प्लगभोवतीची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरात पडते. तीन प्लगांची टोके बदामी निघाली, म्हणजे आतली आग निरोगी. चौथ्यावर कोरडी काजळी होती, विझत्या पणतीच्या वातीवर धरते तशीच. तेलाचा थेंब नव्हता. एंजिन बसले असते तर तेल दिसले असते. नव्या प्लगांची फट पाऊण मिलिमीटर धरली, आटे आधी बोटांनी फिरवून घेतले आणि शेवटी तेवढा पाना लावला.

दादांनी चावी फिरविली. पहिल्याच झटक्याला जीप बोलली, आणि चारही सिलिंडर एका लयीत चालू लागले. भंगारवाला दुपारी आला, तेव्हा वहिनींनी त्याला चहा पाजून परत पाठविले.

आता नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच कॉइल बसते, वायरी गेल्या. विजेवरच्या गाडीत तर प्लगच नाही. आमच्या जीपचे निघालेले प्लग मात्र दादांनी टाकू दिले नाहीत. तारेच्या ब्रशने घासून, जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधून ते सीटखाली ठेवले आहेत. मंगरूळपीरच्या रस्त्यावर कधी अडलेच तर असावेत म्हणून.