घाटाचं पाणी

कोल्हापुरात पहाटे कुणी ‘घाटावर निघालोय’ म्हणालं, तर आधी त्याच्या अंगावर काय आहे ते बघावं. खांद्यावर टॉवेल असेल तर पंचगंगेचा घाट. डोक्यावर हेल्मेट आणि हातात गियरची सायकल असेल तर गगनबावड्याचा. पहिला गंगावेशीतून चालत जाण्याजोगा, दुसरा सुमारे 55 किलोमीटरवर. शब्द एकच, आणि तो आधी नदीचा. डोंगरावर तो मागाहून चढला.

संस्कृतात ‘घट्ट’ म्हणजे नदीकाठची उतरायची जागा: पायऱ्या, धक्का, नाव लागण्याचं ठिकाण. (मराठीतलं झाकण ‘घट्ट’ बसतं ते वेगळं, आणि भांड्याचा ‘घाट’ सुबक असतो तोही वेगळा. त्यांची गल्लत नको.) नदीकाठचा शब्द सह्याद्रीत कसा पोचला याचं उत्तर भूगोलापेक्षा व्यापारात चांगलं सापडतं. नदी असो की डोंगराची धार, वाटेल तिथून ओलांडता येत नाही. ठरलेल्या जागीच ओलांडावी लागते. तिथे माल उतरवायचा, दुसऱ्या पाठीवर किंवा नावेत चढवायचा, थोडं थांबायचं. आणि माणूस थांबला की तिथे जकात घेणारा उभा राहणारच. ‘घाटपांडे’ हे आडनाव त्यातूनच आलं. घाटातून येणाऱ्याजाणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारा तो घाटपांड्या.

संस्कृतात ‘घट्टकुटीप्रभात’ नावाचा एक न्याय आहे. घट्टकुटी म्हणजे जकातीचं खोपट. जकात चुकवायला एक व्यापारी रात्री आडवाटेनं निघतो, अंधारात रस्ता चुकतो आणि उजाडतं तेव्हा नेमका त्या खोपटासमोर उभा असतो. तर्कशास्त्रात हा न्याय नको असलेल्या निष्कर्षापाशीच येऊन पडणाऱ्या युक्तिवादाला लावतात. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्या चुकवायला हमरस्ता सोडून गावागावांतून सायकल काढणाऱ्याला तो जास्त शोभतो. दोन पाणंदी आणि एक ओढा पार करून बाहेर यावं, तर समोर पुन्हा तोच हमरस्ता आणि त्याच ट्रॉल्या.

इंग्रजीनं या शब्दाचं जरा विचित्रच केलं. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगरातून जाणारी वाट. डोंगराला आपण सह्याद्री म्हणतो. परक्यांनी वाटेचं नाव अख्ख्या रांगेला देऊन टाकलं आणि ‘वेस्टर्न घाट्स’ झाले. 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत राधानगरीचं अभयारण्य गेलं तेही याच नावाखाली. त्याचा उलटा अनुवाद करून आपणही ‘पश्चिम घाट’ म्हणतो. सह्याद्री असा नावानिशी समोर उभा असताना मला ते अजून पटत नाही.

घाट चढून झाला की उतार येतो. इथे तर शब्द चक्क उलटा फिरलाय. ‘उतार’मधला ‘उद्’ हा उपसर्ग म्हणजे वर. ‘तॄ’ हा धातू म्हणजे पाणी ओलांडणं, तरणं. ‘उत्तरति’ म्हणजे पाण्यातून वर येतो, पैलतीराला लागतो. नावेतून काठावर पाय ठेवला की माणूस उतरला. पुढे नावेची जागा घोड्यानं, बैलगाडीनं, एसटीनं घेतली. पाणी गळून पडलं, वरची दिशाही गळून पडली, आणि ‘उतरणं’ म्हणजे नुसतं खाली येणं राहिलं. जुन्या वापरात प्रवाशाला ‘उतारू’ म्हणत, त्यात मात्र नावेचा वास अजून आहे. खाली येण्याचा अस्सल शब्द ‘अवतार’, कारण त्यात ‘अव’ आहे. पण तो देवांनी घेतला, आणि उरलेला आपण आरशात स्वतःकडे बघून वापरतो. गगनबावड्याजवळचा करूळचा घाट पावसात उतरून आलेल्या सायकलस्वाराला पाहून घरचे ‘काय हा अवतार!’ म्हणतात, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर असतात.

‘उतारा’ तर कुठे कुठे गेलाय! विषावर उतारा, कारण विष उतरतं. सातबाराचा उतारा, कारण मूळ नोंदवहीतून तो कागदावर उतरवून घेतलेला. आणि गावाबाहेरच्या तिकटीवर नारळ, लिंबू, हळदकुंकू ठेवलेला उतारा, कारण अंगावरचं काहीतरी उतरवून तिथे सोडलेलं असतं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घेऊन निघालं की असे उतारे बरेच दिसतात. चाक बाजूनं काढायचं, बाकी विश्वास-अविश्वास ज्याचा त्याचा.

याच ‘तॄ’चा तिसरा वंशज ‘तीर्थ’. मूळ अर्थ नदी ओलांडायची जागा, उताराचं ठिकाण. पावित्र्य नंतर चिकटलं. म्हणजे तीर्थ आणि घाट हे आरंभी जवळजवळ एकाच कामाचे शब्द. जोतिबाच्या डोंगराला तीर्थ म्हणतो तेव्हा तोही पाण्याचाच शब्द आपण डोंगरमाथ्यावर नेऊन ठेवतो.

हे आपल्याच भाषेचं वेड आहे का? स्पेनमधल्या डोंगराळ, निवांत रस्त्यांवर सायकल चालवणाऱ्यांचा रोजचा शब्द आहे ‘पुएर्तो’. पुएर्तो दे नावासेरादा, पुएर्तो दे लास पालोमास. चढ संपून रस्ता पलीकडे झुकतो तिथे पाटीवर हा शब्द आणि शेजारी उंचीचा आकडा. 1935 पासून चालत आलेल्या ‘वुएल्ता’ या सायकल स्पर्धेत कोणता पुएर्तो किती अवघड याची प्रतवारी लावतात. आणि याच ‘पुएर्तो’चा दुसरा अर्थ आहे बंदर! बार्सेलोनाचं बंदर तेही पुएर्तो, आणि समुद्रापासून कोसो दूर, मेंढरांच्या कळपांतून जाणारी डोंगराची खिंड तीही पुएर्तो. मूळ लॅटिन ‘पोर्तुस’, म्हणजे बंदर; ‘पोर्ता’, म्हणजे दरवाजा किंवा वेस, ही त्याची सख्खी बहीण. दोन्ही ज्या धातूतून आले त्याचा अर्थ पलीकडे जाणं, आणि त्याच घराण्यातला आपला शब्द ‘पार’. मराठीनं नदीचा धक्का डोंगरावर नेला, स्पॅनिशनं समुद्राचा. एकमेकींना न विचारता. पालोमासचा पुएर्तो ग्रासालेमाच्या डोंगरात आहे आणि ग्रासालेमा स्पेनमधल्या सर्वांत पावसाळी जागांपैकी एक समजतात. गगनबावड्याला त्याचं कौतुक सांगायला जाऊ नये. इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढेही पाऊस पडतो.

आता खुद्द सायकलीकडे. इंग्रजीतून आलेला हा शब्द मुळात ग्रीक ‘कुक्लोस’. तो आणि संस्कृत ‘चक्र’ एकाच जुन्या शब्दाची रूपं. चक्राचं प्राकृतात ‘चक्क’ झालं, मराठीत ‘चाक’. म्हणजे ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो, मधे काही हजार वर्षांची फारकत. पण माझा लाडका शब्द ‘पायडल’. लॅटिनमध्ये ‘पेस, पेदिस’ म्हणजे पाय, त्यावरून पेडल. आमच्याकडे सायकलच्या दुकानात पेडल कुणी म्हणत नाही. ‘पायडल घासतंय’, ‘पायडलची कोटर पिन गेलीय’, आणि बुटक्या पोरानं नळीखालून पाय घालून मारायचं ते ‘हाप पायडल’. शिकलेल्यांना हा अपभ्रंश वाटतो. पण ‘पेदिस’ आणि ‘पाद’ हे मूळचे भाऊच, आणि पादाचा झाला पाय. परदेशात हरवलेला पाय दुकानदारानं न शिकता जागच्या जागी बसवला. लोकव्युत्पत्ती बहुधा फसवी असते. इथे तिनं नेम साधला.

‘रस्ता’ फारसीतून आला. ‘रास्त’ म्हणजे सरळ, बरोबर. त्यावरून रास्ता, सरळ गेलेली वाट किंवा ओळ. रास्त भावाच्या दुकानातला रास्त तो हाच. तेव्हा भुईबावड्याच्या घाटातल्या त्या चीजेला रस्ता म्हणणं जरा धाडसाचंच. तिथे ‘वाट’ बरी. ती संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आली आणि तिच्या मुळाशी वळण्याचाच अर्थ आहे. वळणाचं मराठीला वाकडंही नाही: पोर चांगल्या वळणाचं असतं, अक्षर वळणदार असतं.

निवांत वाट हवी असेल तर कळ्यावरून बाजारभोगाव धरावं आणि अणुस्कुऱ्याकडे जावं. हमरस्त्याचा गोंगाट मागे पडतो, मधेच एखादं वडाप जातं तेवढंच. किंवा गगनबावड्यापर्यंत जाऊन करूळऐवजी भुईबावड्याचा फाटा घ्यावा. या दोन गावांची नावं ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. एक बावडा गगनाला, एक भुईला, मधे घाट. ‘भुई’ ही ‘भूमी’ची घरगुती लेक, ‘गगन’ मात्र संस्कृतातून कडक इस्त्री करून तसंच्या तसं आलेलं. घाटांची नावं कोणत्या टोकाकडून पडतात यालाही एक नियम नाही. आंबा, आंबोली, अणुस्कुरा ही माथ्यावरची गावं. करूळ, फोंडा, भुईबावडा ही पायथ्याची. त्यामुळे गगनबावड्याला चहाच्या टपरीवर ‘पुढचा घाट कोणता?’ विचारलं तर दोन्ही उत्तरं कोकणातल्या गावांची मिळतात. वर राहणाऱ्यांनी आपल्या दारातला घाट खालच्यांच्या नावानं चालवून घेतलाय, आणि त्याबद्दल तिथे कुणाची तक्रार ऐकली नाही.