कोर्टाच्या दारातली झडती

कोर्टाच्या दारात पोलीस पिशवी उघडायला लावतात, खिसे चाचपतात, तेव्हा अनेकांना तो अपमान वाटतो. आपण न्याय मागायला आलो आणि आपल्यावरच संशय? या झडतीमागे मोठा इतिहास आहे.

२० सप्टेंबर १८७१. कलकत्ता हायकोर्टाची नवी इमारत अजून पुरी झाली नव्हती, म्हणून कामकाज टाऊन हॉलमध्ये चाले. हंगामी मुख्य न्यायमूर्ती जॉन पॅक्स्टन नॉर्मन तिथल्या पायऱ्या चढत असताना अब्दुल्ला नावाच्या माणसाने त्यांना सुऱ्याने भोसकले. दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. वर्षभरापूर्वीच नॉर्मन यांनी खटल्याविना कैदेत ठेवलेल्या अमीर खान या व्यापाऱ्याचा सुटकेचा अर्ज फेटाळला होता. अब्दुल्लाला फाशी झाली. संशय मात्र त्याच्या एकट्यापाशी थांबला नाही. ‘वहाबी’ म्हणवल्या गेलेल्या मुसलमानांपर्यंत तो पोहोचला.

पुढे बंगालच्या क्रांतिकारकांनीही कोर्टाचेच आवार निवडले. १० फेब्रुवारी १९०९ रोजी अलिपूरला सरकारी वकील आशुतोष बिस्वास यांच्यावर चारुचंद्र बोस यांनी गोळ्या झाडल्या. चारुचंद्रांचा उजवा हात अधू होता. पिस्तूल त्यांनी त्या हाताला बांधून आणले होते. २४ जानेवारी १९१० रोजी पोलीस अधिकारी शमसुल आलम यांना तर कलकत्ता हायकोर्टातच बीरेंद्रनाथ दत्तगुप्त यांनी गोळी घातली.

कोर्टच का? कारण कोर्टाची तारीख ठरलेली असते. एरवी न सापडणारा माणूस त्या दिवशी, त्या वेळी, त्या दालनात हजर असणारच. शिवाय खटला उघड्या न्यायालयात चालतो, म्हणजे तिथे कोणीही येऊन बसू शकतो. हा आपला मोलाचा हक्क आहे. तो राखायचा तर दार उघडे ठेवून शस्त्र तेवढे बाहेर ठेवावे लागते. झडती होते ती त्यासाठी.

पण झडती सगळ्यांची सारखी झाली तरच तिला अर्थ. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी कोर्टात गुंड जितेंद्र गोगी याला भर न्यायालयात ठार मारण्यात आले. मारेकरी दोघे होते, वकिलांच्या वेशात आलेले. पोलिसांच्या गोळीबारात तेही मेले. ज्या पोशाखाकडे सहसा कोणी संशयाने पाहत नाही, त्याच पोशाखात पिस्तुले आत गेली.

१८७१ मध्ये एका माणसाच्या सुऱ्यामुळे अनेकांच्या नावांवर संशय आला. २०२१ मध्ये काळ्या कोटामुळे संशयच आला नाही. दोन्हीकडे चूक एकच: हातातली वस्तू सोडून माणसाची ओळख पाहिली गेली. म्हणून दारातल्या शिपायाने दाढी, टोपी, बुरखा किंवा कोट पाहून कमीजास्त तपासू नये. पक्षकार असो, साक्षीदार असो की वकील, सर्वांची पिशवी सारखीच उघडावी. मग त्या झडतीत कोणाचाच अपमान राहत नाही. कायद्यापुढे सगळे समान, हे निदान दारापासून तरी सुरू होते.