कोलोरॅडो बुलेवारचे सुटे पैसे

नव्या वर्षाची रोझ परेड बघायला आपल्यापैकी किती जण पहाटेपासून पासाडिनाच्या कोलोरॅडो बुलेवारवर कुडकुडत बसले असतील! आज गोष्ट त्याच रस्त्याची, पण फुलांची नाही. पार्किंग मीटरची.

जगातला पहिला मीटर १९३५च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत बसला. तासाला पाच सेंट. कचेरीतले लोक दिवसभर गाड्या लावून ठेवत आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे, त्यावरचा तो तोडगा.

पासाडिनाचे दुखणेही तेच होते. १९२९मध्ये हा रस्ता २८ फुटांनी रुंद केला, त्यासाठी दोन्हीकडच्या इमारतींचे दर्शनी भाग १४ फूट मागे घ्यावे लागले. एवढे करूनही पुढे बाजार ओसरला. १९७०च्या दशकात जुन्या पासाडिनाला पार अवकळा आली होती. तरी मीटर नव्हतेच, फक्त दोन तासांची मर्यादा. दुकानांतले कामगार दोन तासांनी बाहेर येत, गाडी थोडी पुढे सरकवत आणि पुन्हा कामाला लागत.

पालिकेने मीटर सुचवले तेव्हा व्यापारी भडकले. उरलेसुरले गिऱ्हाईकही जाईल म्हणाले. घासाघीस दोनेक वर्षे चालली. शेवटी पालिकेने शब्द दिला, की मीटरचा पैसा याच भागात खर्च होईल. मग व्यापाऱ्यांचा सूरच बदलला. संध्याकाळी आणि रविवारीही मीटर चालू ठेवायला ते तयार झाले! १९९३मध्ये मीटर बसले, तासाला एक डॉलर. त्या उत्पन्नाच्या भरवशावर पालिकेने ५० लाख डॉलरचे कर्ज काढले. पदपथ, झाडे, दिवे झाले, मागच्या गलिच्छ गल्ल्या चालण्याजोग्या झाल्या. एमबीएला आम्हाला किंमत कशी ठरवायची ते शिकवले. वसूल झालेला पैसा देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर खर्च करावा, हे कोणी शिकवले नाही.

बाजार सावरला तो केवळ मीटरमुळे, असे मी म्हणणार नाही. जुन्या इमारती जपल्या गेल्या, सार्वजनिक पार्किंगच्या इमारती उभ्या राहिल्या, त्याचाही वाटा आहेच. पण यूसीएलएचे दिवंगत प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आपल्या विद्यापीठालगतच्या वेस्टवूड व्हिलेजशी केलेली तुलना बोलकी आहे. तिथे व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून १९९४मध्ये मीटरचा दर एक डॉलरवरून निम्म्यावर आणला. मोजणीनुसार गर्दीच्या वेळी वेस्टवूडमधल्या रस्त्याकडेच्या ९६ टक्के जागा भरलेल्या होत्या, पासाडिनात सरासरी ८३ टक्के. महागड्या रस्त्यावर जागा मिळत होती. स्वस्त रस्त्यावर लोक घिरट्या घालत होते.