थकलेले हृदय आणि टाटा इन्स्टिट्यूट

हार्ट फेल्युअरचा रुग्ण दोन पायऱ्या चढला तरी का धापा टाकतो, हे शिकवताना मी आधी तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया समजावते. हृदयाच्या स्नायुपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो. मुख्यतः त्यांच्यातच हृदय दिवसाला सुमारे 6 किलो एटीपी, म्हणजे पेशींचे ऊर्जाद्रव्य, बनवते आणि लगेच खर्चून टाकते. शिल्लक असते ती काही सेकंदांपुरती. हृदय निकामी होऊ लागले की ही निर्मितीच घटते. बंगळूरच्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते, की या ज्ञानाचा एक धागा आपल्या टाटा इन्स्टिट्यूटमधून, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, जातो.

लेखिका दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला 1933 साली मुंबईची पदवी घेऊन इथे आली. वडील नारायणराव आणि काका माधवराव इथेच रसायनशास्त्र शिकलेले. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानणार नाही, या अटीवर त्यांना घेतले गेले. श्रीनिवासय्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केले. ते पाहून रामन यांनी पुढे मुलींना दार उघडले.

इथून त्या केंब्रिजला गेल्या. डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये तिथेच सायटोक्रोमचा शोध जाहीर केला होता. तंतुकणिकांतली एक साखळी अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात ऑक्सिजनपर्यंत पोचवते, तिच्याच बळावर एटीपी बनते; सायटोक्रोम सी हा त्या साखळीतला एक दुवा. वनस्पतींच्या श्वसनातही तो काम करतो, हे कमलाबाईंनी बटाट्यावरच्या प्रयोगांतून दाखवले आणि 1939 मध्ये पीएचडी मिळवली. पुढे त्या कमला सोहोनी म्हणून ओळखल्या गेल्या.

त्याच साखळीतला आणखी एक दुवा, को-एन्झाइम क्यू, 1957 मध्ये अमेरिकेत मॅडिसनला फ्रेड क्रेन यांनी गुरांच्या हृदयातील तंतुकणिकांतून वेगळा केला. टी. रामशर्मा यांनी तिथे त्यावर काम केले आणि पुढे टाटा इन्स्टिट्यूटच्या जीवरसायन विभागात त्याचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू ठेवला. निकामी होत चाललेल्या हृदयाच्या स्नायूत हेच द्रव्य कमी आढळते.

बटाट्यावर काम करणाऱ्या कमलाबाईंपुढे कुणी हृदयरोगी नव्हता. तरी हृदय का थकते हे आज आपल्याला कळते, ते असल्याच कामांच्या आधाराने. म्हणून घरातली मुलगी मूलभूत संशोधनाकडे वळू पाहत असेल, तर ‘याचा उपयोग काय?’ असे विचारून तिला अडवू नका.