राजाज्ञेची प्रार्थना

प्रार्थना ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, ही समजूत तशी अलीकडची असून, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये साथ, दुष्काळ किंवा युद्ध ओढवले की राजाच्या जाहीरनाम्याने एक दिवस मुक्रर केला जाई आणि त्या दिवशी प्रजेने कामधंदा बंद ठेवून उपवास करावा, चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली द्यावी व ईश्वराची करुणा भाकावी, अशी अपेक्षा असे. व्यक्तीप्रमाणे राष्ट्राच्याही हातून पाप घडते, परंतु राष्ट्राला परलोक नसल्यामुळे त्या पापाची शिक्षा त्याला इहलोकीच भोगावी लागते, अशी धारणा या प्रथेच्या मुळाशी होती. संकट निवारण्याची याचना हा तिचा केवळ अर्धा भाग होता. आपले काय चुकले, हे सर्वांनी मिळून शोधणे हा दुसरा अर्धा भाग, आणि प्रथेचे खरे बळ व तिचा खरा पेच या दुसऱ्या भागातच होता.

1831 च्या अखेरीस संडरलँड बंदरातून पटकीची साथ इंग्लंडमध्ये शिरली, तेव्हा 21 मार्च 1832 हा दिवस उपवासासाठी जाहीर झाला. लंडनमधील कामगारांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याला उघड विरोध केला. जे वर्षभर अर्धपोटी राहतात त्यांना उपवासाची आज्ञा कशाची, आणि साथीचे मूळ दारिद्र्यात असताना त्याचा ठपका गरिबांच्या पापावर का, असा त्यांचा सवाल होता. त्याच दिवशी त्यांनी हजारोंची मिरवणूक काढली. विल्यम लव्हेट, जेम्स वॉटसन आणि विल्यम बेन्बो या पुढाऱ्यांवर त्याबद्दल खटला भरला गेला व ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. या विरोधाला निव्वळ नास्तिकपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण राष्ट्राचे पाप कोणते, या प्रार्थनेनेच उपस्थित केलेल्या प्रश्नाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते.

1853 मध्ये पटकी परतली, तेव्हा एडिनबरो येथील धर्मसभेने उपवासाचा दिवस नेमला जाणार आहे काय, अशी विचारणा केली. सृष्टी ईश्वराने घालून दिलेल्या नियमांनी चालते, तेव्हा आधी शहरातील गरिबांच्या वस्त्या स्वच्छ कराव्यात, अशा आशयाचे उत्तर गृहमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांनी दिले. कामगारांनी रस्त्यावर मांडलेला युक्तिवाद वीस वर्षांनी अशा रीतीने सरकारी पत्रात उतरला.

तरीही ही प्रथा संपली नाही; 1857 च्या उठावाच्या वेळीही ती पाळली गेली. 7 ऑक्टोबर 1857 रोजी पापक्षालनासाठी आणि हिंदुस्थानातील ब्रिटिश शस्त्रांना यश मिळावे म्हणून देशभर प्रार्थना झाल्या; लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये चार्ल्स स्पर्जन यांच्या प्रवचनाला 23,654 लोक जमल्याची नोंद आहे. पापाबद्दल मात्र एकवाक्यता नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने मूर्तिपूजेला अभय दिले हे काहींच्या मते पाप, तर काहींच्या मते अफूचा व्यापार आणि रयतेची पिळवणूक. विशेष म्हणजे दिल्ली सप्टेंबरातच इंग्रजांच्या हाती पडली होती, पण ती बातमी लंडनला पोचली नव्हती. जी दिल्ली सर करण्यासाठी याचना चालली होती, तेथील रहिवासी तोवर कत्तल आणि लुटीच्या तोंडी गेले होते. विजयाची प्रार्थना फळाला आली असे म्हणणाऱ्याने हे फळ कोणाच्या वाट्याला कसे आले, हेही पाहिले पाहिजे. उपवासाचा असा राष्ट्रीय दिवस ब्रिटिश सरकारने पुन्हा कधी नेमला नाही.

1871 च्या डिसेंबरात विषमज्वराने अत्यवस्थ झालेला युवराज देशभरच्या प्रार्थनांनंतर वाचला आणि फेब्रुवारी 1872 मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आभारप्रदर्शनाची उपासना झाली. श्रेय डॉक्टरांचे की प्रार्थनेचे, यावर वाद पेटला. त्याच वर्षी शल्यचिकित्सक हेन्री थॉम्प्सन यांची एक सूचना भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी प्रसिद्धीस दिली. एखाद्या रुग्णालयातील एका कक्षासाठी काही वर्षे खास प्रार्थना करावी आणि तेथील मृत्युप्रमाण इतरांशी ताडून पाहावे, असे तिचे स्वरूप होते. पाठोपाठ फ्रान्सिस गाल्टन यांनी आकडेच मांडले. ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी दर आठवड्याला प्रार्थना होते त्या राजघराण्यांतील व्यक्तींचे सरासरी वय 64.04 वर्षे, तर धर्मोपदेशकांचे 69.49 आणि जमीनदार वर्गाचे 70.22 भरले. पठडीतले शब्द उच्चारणे म्हणजेच प्रार्थना, हे त्यांचे गृहीतक कच्चे होते. मात्र प्रार्थनेने मनाला बळ आणि दिलासा मिळू शकतो, हे त्यांनीही नाकारले नाही.

थॉम्प्सन यांच्या सूचनेसारखी मोठी चाचणी अमेरिकेत झाली व तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवरील या अभ्यासात परक्यांच्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चित ठाऊक होते, त्यांच्यात गुंतागुंत अधिक आढळली. प्रार्थना करणाऱ्यांना रुग्णाचे पहिले नाव, आडनावाचे आद्याक्षर आणि म्हणावयाचे एक ठरीव वाक्य एवढेच दिले होते. रुग्णांचे आप्तस्वकीय आपापल्या परीने ज्या प्रार्थना करतील त्यांना कोणी मनाई केली नव्हती, आणि त्या मोजण्याची सोय या चाचणीत नव्हती.